गुण सारखे झाले तर

फुटबॉलच्या अंदाज स्पर्धेत बरोबरी हा अपवाद नसतो. कचेरीतले सहकारी, सोसायटीतले शेजारी किंवा कॉलेजचे जुने मित्र विश्वचषकाच्या प्रत्येक सामन्याचा निकाल आधी लिहून देतात, अंदाज जितका अचूक तितके गुण मिळतात आणि शेवटी सर्वाधिक गुणांचा मानकरी ठरतो. तीस-चाळीस जण सहभागी असले की पहिल्या क्रमांकावर दोघे, क्वचित तिघे येऊन थांबलेले अशा स्पर्धा चालवणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेले असतात. प्रस्तुत लेखकानेही बरीच वर्षे असे गुणतक्ते मांडले आहेत. त्यात झालेले वाद जवळजवळ सगळे बरोबरीवरूनच झाले, आणि एकाही वादात कोणाचा हेतू वाईट नव्हता. नियम लिहिलेला नसला की प्रत्येकाला आपल्या बाजूचा अर्थच सरळ वाटतो, आणि तो तसा प्रामाणिकपणे वाटतो.

बरोबरी इतकी सहज का होते, हे आधी पाहायला हवे. सगळ्यांचे अंदाज एकमेकांसारखे असतात. बलाढ्य संघ दुबळ्या संघाशी खेळणार असेल तर चाळीसपैकी पस्तीस जण बलाढ्य संघाच्याच नावावर विजय लिहितात. तो जिंकला तर पस्तीस जणांना गुण मिळतात, हरला तर पस्तीस जणांना शून्य. दोन्ही वेळा त्या पस्तीस जणांतले अंतर तसेच राहते. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामने होते, पण दोन सहभागींमध्ये खरोखर फरक पाडणारे सामने त्याहून पुष्कळ कमी असतात. लढत त्या थोड्या सामन्यांवर होते, म्हणून तक्त्याच्या वरच्या टोकाला गर्दी जमते.

ही गर्दी कमी करण्यासाठी गुण वाढवण्याचा उपाय नेहमी सुचवला जातो. अचूक गोलसंख्येला १० आणि नुसत्या योग्य निकालाला ५ गुण दिले की आकडे मोठे दिसतात, पण ती पद्धत २ आणि १ गुणांच्या पद्धतीहून कणभरही वेगळी नाही. सगळे आकडे पाचाच्या पटीत वाढले तर बरोबरीही तशीच राहते. खरा फरक पडतो तो पायऱ्या वाढवल्याने. अचूक गोलसंख्येला ५, गोलफरक बरोबर आल्यास ३ आणि फक्त निकाल बरोबर आल्यास २ अशी तीन पायऱ्यांची पद्धत ठेवली तर एकूण गुण अधिक विखुरतात. यात एक गोष्ट मुद्दाम ठरवावी लागते. बरोबरीचा अंदाज निकालात बरोबर आला की गोलफरकातही आपोआप बरोबर येतो. १-१ लिहिले आणि सामना २-२ सुटला, तरी फरक शून्यच. म्हणजे बरोबरी ओळखणाऱ्याला किमान ३ गुण मिळतात. बरोबरी ओळखणे अवघड असल्याने हे योग्यच आहे, पण पहिल्याच आठवड्यात कोणीतरी याबद्दल विचारतोच, तेव्हा उत्तर आधीच लिहिलेले असावे.

गुण कितीही विचारपूर्वक ठरवले तरी बरोबरी टळत नाही, म्हणून तिच्या निकालाचे निकष पहिला सामना सुरू होण्यापूर्वी, क्रमवार आणि लेखी जाहीर झाले पाहिजेत. पण निकषांच्याही आधी एक व्याख्या हवी: सामन्याचा निकाल म्हणजे कोणत्या क्षणाचा निकाल? गटसाखळीत हा प्रश्न येत नाही. बाद फेरीत मात्र ९० मिनिटांचा निकाल, १२० मिनिटांचा निकाल आणि पेनल्टी शूटआऊटनंतरचा निकाल हे तीन वेगळे असू शकतात.

१८ डिसेंबर २०२२ रोजी लुसैलमध्ये झालेल्या अंतिम सामन्यात हे तिन्ही वेगळे होते. अर्जेंटिना आणि फ्रान्स ९० मिनिटांनंतर २-२, जादा वेळेनंतर ३-३, आणि शूटआऊटमध्ये अर्जेंटिना ४-२. एका कचेरीतल्या स्पर्धेत त्या दिवशी तिघे जण समान गुणांवर होते. बरोबरी सोडवण्यासाठी प्रश्न ठेवलेला होता: अंतिम सामन्यात एकूण किती गोल होतील? पहिल्याने ४ लिहिले होते, दुसऱ्याने ५, तिसऱ्याने ७. नव्वद मिनिटे धरली तर गोल ४ आणि पहिला अचूक. एकशे वीस मिनिटे धरली तर गोल ६. दुसरा आणि तिसरा दोघेही एकेका गोलाने चुकलेले, म्हणजे पुन्हा बरोबरी. शूटआऊटमधले सहा यशस्वी फटके मिळवले तर १२ आणि तिसरा सर्वांत जवळ. प्रश्न एकच, पण तिघांपैकी प्रत्येकाच्या बाजूने बोलण्यासारखे काहीतरी होते. ज्याने प्रश्न लिहिला त्याच्या मनातला अर्थ काय होता याला त्या वेळी काही किंमत उरली नाही, कारण तो कागदावर नव्हता.

फुटबॉलच्या नियमांत याचे उत्तर आहे आणि ते जसेच्या तसे घ्यावे. शूटआऊट सामना संपल्यानंतर होतो. त्यातले गोल सामन्याच्या गोलसंख्येत मिळवले जात नाहीत. २०२२ च्या स्पर्धेत एकूण १७२ गोल झाले असे म्हटले जाते तेव्हा शूटआऊटचे गोल त्यात नसतात. म्हणून अंदाज स्पर्धेत ‘जादा वेळ धरून, शूटआऊट वगळून’ एवढे शब्द लिहिले की पुरे होते. काही जण ९० मिनिटांचाच निकाल धरतात; तेही चालते. मात्र एकदा धरलेली व्याख्या गुणांसाठी, बरोबरीच्या निकषांसाठी आणि प्रश्नांसाठी एकच असावी. बाद फेरीत कोणता संघ पुढे जाईल याचे स्वतंत्र गुण ठेवले तर शूटआऊटही वाया जात नाही.

आता निकष. सर्वांत लोकप्रिय निकष म्हणजे ज्याचे अचूक गोलसंख्येचे अंदाज जास्त, तो वरचा. वरवर पाहता यात खोट नाही. आकडे तक्त्यात आधीच असतात आणि ते मोजायला सोपेही असतात. पण एक उदाहरण मांडून पाहावे. अचूक अंदाजाला ३ आणि निकालाला १ गुण आहे. एका सहभागीचे १० अंदाज अचूक आणि १८ निकाल बरोबर, एकूण ४८ गुण. दुसऱ्याचे ६ अचूक आणि ३० निकाल बरोबर, तेही ४८. पहिल्याने ६४ पैकी २८ सामने ओळखले, दुसऱ्याने ३६. अचूकतेचा निकष लावला की आठ सामने कमी ओळखणारा विजेता ठरतो. शिवाय अचूक अंदाजाच्या दुर्मिळतेचे मोल तीन गुणांच्या रूपाने आधीच चुकते झालेले असते; बरोबरीत तेच पुन्हा मोजले म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे दिल्यासारखे होते. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आणि त्यानंतरची सुपर ओव्हर दोन्ही बरोबरीत सुटल्यावर चौकार-षटकारांच्या संख्येवर, २६ विरुद्ध १७, इंग्लंडला विजेते ठरवले गेले. चौकाराच्या चार धावा धावसंख्येत आधीच आलेल्या होत्या. न्यूझीलंडने तितक्याच धावा अधिक पळून काढल्या आणि तेवढ्यामुळे ते मागे राहिले. आयसीसीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो नियम काढून टाकला. अचूक अंदाजांच्या निकषातला दोष त्याच जातीचा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते बरोबर ओळखलेल्या निकालांची संख्या हा पहिला निकष म्हणून अधिक न्याय्य ठरतो. याच्या उलट मत असणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही: अचूक गोलसंख्या ओळखायला धाडस लागते. पण असे प्राधान्य ही त्या गटाची निवड असते. ती स्पर्धा सुरू होण्यापूर्वी झाली तर कोणावरही अन्याय होत नाही.

निकष बदलला की विजेता बदलतो, हे फुटबॉलच्या इतिहासात एका हंगामाने फार स्पष्ट दाखवले आहे. २६ मे १९८९ रोजी इंग्लिश लीगच्या शेवटच्या सामन्यात अॅनफिल्डवर आर्सेनलने लिव्हरपूलला २-० हरवले. दुसरा गोल अगदी शेवटच्या क्षणांत मायकेल थॉमसचा. दोन्ही संघांचे ७६ गुण झाले. गोलफरकही सारखा, अधिक ३७. मग जास्त गोल करणारा संघ वरचा या नियमाने ७३ गोल करणारे आर्सेनल ६५ गोल करणाऱ्या लिव्हरपूलच्या पुढे गेले. इंग्लंडमध्ये १९७६ पर्यंत गोलफरकाऐवजी गोलांचे गुणोत्तर पाहत असत. त्या जुन्या नियमाने ६५ गोल करून २८ स्वीकारणारे लिव्हरपूल ७३ करून ३६ स्वीकारणाऱ्या आर्सेनलच्या पुढे राहिले असते. खेळ तोच, गोल तेच, आणि विजेता दुसरा. तरीही त्या रात्री नियमावरून भांडण झाले नाही, कारण आर्सेनलला दोन गोलांनी जिंकावे लागेल हे सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांना ठाऊक होते.

पहिल्या निकषानेही बरोबरी सुटली नाही तर पुढचा निकष असा असावा, की ज्यात संपूर्ण स्पर्धेतले काम मोजले जाईल. त्यासाठी एकूण चुकीची बेरीज हा उत्तम मार्ग आहे. प्रत्येक सामन्यात प्रत्येक संघाच्या अंदाजित आणि प्रत्यक्ष गोलांतला फरक काढायचा आणि सगळ्या सामन्यांचे फरक मिळवायचे. अंदाज २-१ आणि निकाल ३-० असेल तर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक, अशी चूक २. ज्याची एकूण बेरीज कमी, तो वरचा. एक्सेलमध्ये एकदा सूत्र घातले की हे आपोआप होते. याचे मोठे बळ असे की गुण न मिळालेल्या सामन्यांतलाही चांगला विचार यात दिसतो. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी स्पेनने कोस्टारिकाला ७-० हरवले. तसा अंदाज करणारा कोणत्याही कचेरीत सहसा सापडत नाही. पण २-० लिहिणाऱ्याची चूक ५ आणि १-१ लिहिणाऱ्याची ७, म्हणजे दोघांतला फरक नोंदला जातो. बेरजा मोठ्या असल्याने त्या नेमक्या सारख्या येण्याची शक्यताही थोडी असते.

या पद्धतीला दोन कच्चे दुवे आहेत. निकाल १-० असताना ०-१ लिहिणारा आणि ३-० लिहिणारा या दोघांची चूक २ च येते, जरी एकाने विजेताच चुकवलेला असतो. म्हणून मुख्य गुणपद्धत म्हणून ही बेरीज वापरू नये, पण बरोबरीचा निकष म्हणून ती शोभते. दुसरा दुवा न भरलेल्या अंदाजांचा. प्रवासात, आजारपणात किंवा नुसत्या विसरण्याने एखाद्याचा अंदाज राहतो. तिथे चूक शून्य धरली तर अंदाज न देणाऱ्याचा फायदा होतो, आणि अंदाज ०-० धरला तर कधी कधी त्याला फुकटचे गुणही मिळतात. त्या सामन्यात इतर सहभागींपैकी ज्याची चूक सर्वांत मोठी, तितकी चूक त्याच्या नावावर लिहावी. यात शिक्षाही होते आणि अतिरेकही होत नाही.

परस्पर लढतीचा निकष पुष्कळांना आकर्षक वाटतो, कारण तो खऱ्या फुटबॉलमध्ये आहे. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या गटांत समान गुण झाले की आधी त्या संघांमधले सामने पाहिले जातात. आपल्याकडे २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग कोरोनामुळे संपूर्णपणे गोव्यात खेळवली गेली. साखळीच्या शेवटी मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान यांचे प्रत्येकी ४० गुण झाले आणि बागानला दोन्ही वेळा हरवलेल्या मुंबईला अव्वल स्थान मिळाले. तिथे हा निकष शोभला, कारण ते संघ मैदानात एकमेकांसमोर उभे राहिले होते. अंदाज स्पर्धेत सहभागी एकमेकांशी खेळतच नाहीत. ‘किती सामन्यांत एकाला दुसऱ्यापेक्षा जास्त गुण मिळाले’ अशी मोजणी करता येते, पण तिघांची बरोबरी झाली की ती कोलमडते: पहिला दुसऱ्याच्या पुढे, दुसरा तिसऱ्याच्या पुढे, आणि तिसरा पहिल्याच्या पुढे असे चक्र सहज तयार होते. त्यातून सुटायला आणखी उपनियम लागतात. हा निकष सोडून द्यावा.

अंदाज आधी पाठवणारा वरचा, हा नियम तर अनेक तयार तक्त्यांत आढळतो. त्याच्या बाजूने एक युक्तिवाद आहे. उशिरा पाठवणाऱ्याला दुखापतींच्या आणि संघनिवडीच्या बातम्या मिळालेल्या असतात, तेव्हा कमी माहितीवर तितकेच गुण मिळवणारा अधिक कुशल म्हणावा. पण अंतिम मुदत सर्वांना एकच दिलेली असताना मुदतीतले मिनिट मोजणे म्हणजे रात्रपाळी करणाऱ्यावर, लोकलमध्ये अडकलेल्यावर आणि गावी नेटवर्क नसलेल्यावर दंड बसवणे आहे. फुटबॉलच्या ज्ञानाशी त्याचा संबंध नाही. फँटसी प्रीमियर लीगमध्ये समान गुण झाल्यास ज्याने खेळाडूंच्या कमी अदलाबदली केल्या तो वर जातो. तिथे निदान खेळातल्या निर्णयांची काटकसर मोजली जाते, घड्याळ मोजले जात नाही.

विजेता संघ कोणी ओळखला हाही निकष असतो. त्याला बहुधा आधीच जादा गुण दिलेले असतात, म्हणून त्याच्यावर फार वेळ घालवायला नको.

बरोबरी सोडवणारा प्रश्न ठेवायचाच असेल तर त्याचे उत्तर ज्ञानाने जवळ नेता येईल असे असावे. ‘अंतिम सामन्यात पहिला गोल कितव्या मिनिटाला’ हा प्रश्न ऐकायला रंजक आहे. प्रत्यक्षात २००६ साली तो ७ व्या मिनिटाला झाला, २०१० साली ११६ व्या, २०१४ साली ११३ व्या, २०१८ साली १८ व्या आणि २०२२ साली २३ व्या मिनिटाला. १९९४ साली ब्राझील आणि इटली यांच्यात गोलच झाला नाही. जाणकार आणि अडाणी दोघेही या प्रश्नापुढे सारखेच. ती चिठ्ठीच आहे, फक्त प्रश्नाचे कपडे घातलेली. शिवाय पहिल्या अर्धाच्या भरपाई वेळेत गोल झाला तर तो ४५ व्या मिनिटाचा की ४७ व्या, हा नवा वाद त्यात दडलेला असतो.

संपूर्ण स्पर्धेतल्या एकूण गोलांचा प्रश्न त्यापेक्षा बराच चांगला. २००६ साली १४७, २०१० साली १४५, २०१४ साली १७१, २०१८ साली १६९ आणि २०२२ साली १७२ गोल झाले. यातून अभ्यास करणाऱ्याला काहीतरी हाती लागते, तरी उत्तर आयते मिळत नाही. २०२६ पासून विश्वचषकात ४८ संघ आणि १०४ सामने आल्याने जुने एकूण आकडे सरळ वापरता येत नाहीत. २०२२ ची सरासरी सामन्याला २.६९ गोल होती. तिच्या आधारे १०४ सामन्यांना सुमारे २८० येतात. पण नवे दुबळे संघ आल्याने गोल वाढतील की ते बचावाला जखडून राहिल्याने घटतील, यावर विचार करावा लागतो, आणि असा विचार करायला लावणारा प्रश्न हवाच आहे. ‘सर्वांत जवळचा’ म्हणजे वर किंवा खाली कोणत्याही बाजूने जवळचा, हे लिहावे. उत्तर १७२ असताना एकाने १६८ आणि दुसऱ्याने १७६ लिहिलेले असेल तर काय, हेही लिहावे. तिथे दुसरा प्रश्न तयार ठेवणे बरे. सगळ्यांची उत्तरे स्पर्धेच्या पहिल्या किक-ऑफपूर्वी घ्यावीत. बाद फेरी सुरू झाल्यावर घेतलेल्या उत्तरात निम्म्याहून बरेच जास्त गोल आधीच मोजून झालेले असतात.

बरोबरीचा नियम फक्त शेवटी लागू होतो असे वाटते, पण तो स्पर्धा चालू असतानाच लोकांचे वागणे बदलतो. २८ जून २०१८ रोजी विश्वचषकात व्होल्गोग्राडमध्ये जपान पोलंडकडून ०-१ मागे होता. त्याच वेळी समारामध्ये सेनेगल कोलंबियाकडून त्याच फरकाने मागे होता. जपान आणि सेनेगलचे गुण, गोलफरक, केलेले गोल आणि आपसातला निकाल, सगळे समान होते. जपानला चार पिवळी कार्डे आणि सेनेगलला सहा, एवढाच फरक. जपानने शेवटची सुमारे दहा मिनिटे चेंडू आपल्याच अर्धात फिरवत काढली आणि बाद फेरी गाठली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, पण नियम स्पर्धेपूर्वी छापलेला होता आणि जपानने त्यात बसणारा मार्ग निवडला.

अंदाज स्पर्धेत याचे रूप नकलेचे असते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे अंदाज उघडे टाकले जात असतील आणि बरोबरीचा निकष पुढे असलेल्याच्या बाजूने झुकत असेल, तर पुढे असलेल्याला शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या क्रमांकावरच्या माणसाचे अंदाज उतरवून काढणे पुरते. दोघांना सारखेच गुण मिळत राहतात, अंतर गोठते आणि स्पर्धा तिथेच संपते. याला नियमभंग म्हणता येत नाही. दोष मांडणीचा असतो. किक-ऑफपर्यंत अंदाज झाकलेले ठेवणे हा त्याच्यावरचा खात्रीचा उपाय आहे. अंदाज एका तिसऱ्या व्यक्तीला किंवा गूगल फॉर्मवर पाठवावेत आणि सामना सुरू झाल्यावर सगळे एकदम उघडावेत. १९८२ च्या विश्वचषकात खिखोनमध्ये पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी दोघांनाही सोयीचा १-० असा निकाल सांभाळून अल्जीरियाला बाहेर घालवले. अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशी झाला असल्याने त्या दोन संघांना नेमके काय पुरते ते ठाऊक होते. त्यानंतर गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवण्याची पद्धत आली. दुसऱ्याचे काय झाले ते पाहून आपले ठरवण्याची सोय काढून घेणे, हेच दोन्ही ठिकाणचे तत्त्व.

दोन निकष आणि एक प्रश्न यांनंतरही बरोबरी राहिली तर बक्षीस वाटून द्यावे. तोवर जे समान राहिले ते खरोखरच समान आहेत. २००२ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत कोलंबोतला अंतिम सामना पावसाने दोनदा धुऊन काढला आणि भारत व श्रीलंका संयुक्त विजेते झाले. दोन्ही देशांच्या विक्रमात ते विजेतेपद सन्मानाने नोंदले आहे. फिरता चषक असेल तर त्यावर दोन्ही नावे कोरावीत आणि तो सहा-सहा महिने दोघांकडे राहावा.

वाटणीचे गणित मात्र नीट करावे लागते, कारण त्यात नेहमी एकच चूक होते. समजा पुस्तकांच्या कुपनांची बक्षिसे १५००, १००० आणि ५०० रुपयांची आहेत आणि पहिल्या स्थानी दोघे आहेत. पुष्कळ ठिकाणी १५०० चे दोन भाग करून प्रत्येकाला ७५० देतात आणि त्यानंतरच्या माणसाला दुसरे बक्षीस १००० देतात. म्हणजे कमी गुणांच्या माणसाला विजेत्यांपेक्षा जास्त मिळते. योग्य पद्धत अशी: दोघांनी मिळून पहिली आणि दुसरी जागा व्यापली आहे, म्हणून १५०० आणि १००० यांची बेरीज २५०० दोघांत वाटायची, प्रत्येकी १२५०. पुढचा माणूस तिसरा, त्याला ५००. पहिल्या स्थानी तिघे असतील तर ३००० चे तीन भाग, प्रत्येकी १०००. तिसऱ्या स्थानी दोघे असतील तर प्रत्येकी २५०.

बक्षीस सहभागींच्या पैशांतून उभे करू नये, हेही इथेच सांगायला हवे. निकालावर पैसे लावणे हा महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचा विषय होतो, आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आहे. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी अनुभव हेच सांगतो. वर्गणी गोळा झाली की बरोबरीच्या वादाला धार येते, आणि वर्षानुवर्षांचे शेजारी दोनशे रुपयांवरून बोलेनासे होतात. कोणीतरी हौसेने दिलेले पुस्तक किंवा चषक पुरेसा असतो.

चिठ्ठ्या टाकणे शेवटी ठेवावे, आणि तेही फक्त वाटून देता न येणाऱ्या गोष्टीसाठी, उदाहरणार्थ सामन्याच्या एका तिकिटासाठी. फुटबॉलने हा मार्ग अनुभवून मागे टाकला. ५ जून १९६८ रोजी नेपल्समध्ये इटली आणि सोव्हिएत संघ यांचा युरोपीय उपांत्य सामना जादा वेळेनंतरही ०-० राहिला आणि नाणेफेकीवर इटली अंतिम फेरीत गेला. दोनच वर्षांनी, १९७० मध्ये, पेनल्टी शूटआऊटला नियमांत जागा मिळाली. १९९० च्या विश्वचषकात आयर्लंड आणि नेदरलँड्स यांचे तिन्ही सामने बरोबरीत सुटले, दोघांचे दोन गोल झाले आणि दोघांवर दोन झाले. चिठ्ठीने आयर्लंड दुसरा आणि नेदरलँड्स तिसरा ठरला. आयर्लंडच्या वाट्याला रुमानिया आला. नेदरलँड्सच्या वाट्याला पश्चिम जर्मनी आला आणि त्यांचा प्रवास तिथेच संपला. चिठ्ठीत पक्षपात नसतो, पण तिला केलेल्या कामाची ओळखही नसते. टाकायचीच वेळ आली तर सारख्या आकाराच्या कागदांवर, सर्वांसमोर नावे लिहून, स्पर्धेत नसलेल्या लहान मुलाकडून एक उचलवावी.

स्पर्धाच अर्धवट थांबली तर काय, हा प्रश्न फार थोडे संयोजक आधी विचारतात. ब्रिटनमध्ये १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात बर्फामुळे सामन्यांमागून सामने रद्द होऊ लागले आणि फुटबॉल पूल्सची, म्हणजे सामन्यांच्या निकालांवर पैसे लावण्याच्या स्पर्धांची, कुपने निरर्थक ठरू लागली. तेव्हा जानेवारी १९६३ मध्ये टॉम फिनी, टॉमी लॉटन यांच्यासारख्या जुन्या खेळाडूंचे एक मंडळ बसवून न झालेल्या सामन्यांचे निकाल ठरवण्यात आले. लाखो लोकांच्या व्यवसायाला ते परवडले. घरगुती स्पर्धेत असे मंडळ म्हणजे वादाला दिलेले आमंत्रण. २०२० मध्ये कोरोनाने लीगच थांबवल्या तेव्हा फ्रान्समध्ये प्रति सामना गुणांच्या हिशेबाने पॅरिस सेंट-जर्मेनला विजेते घोषित केले गेले. नेदरलँड्समध्ये आयाक्स आणि एझेड प्रत्येकी ५६ गुणांवर होते. गोलफरकात आयाक्स पुढे, पण एझेडने त्यांना दोन्ही वेळा हरवलेले. तिथे विजेताच घोषित झाला नाही.

अर्धवट थांबलेल्या खेळातले बक्षीस कसे वाटावे, याचे गणित १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात सुटले. झालेले गुण पाहून वाटणी करू नये. उरलेला खेळ किती वेगवेगळ्या प्रकारांनी संपू शकला असता आणि त्यांतल्या किती प्रकारांत कोण जिंकला असता, ते पाहावे. एका गुणाची आघाडी एकच सामना उरला असताना जवळजवळ विजय असते, आणि चाळीस सामने उरले असताना काहीच नसते. घरगुती स्पर्धेत एवढे गणित करणे शक्य नसते, पण त्यातून एक सोपा नियम निघतो: तीन चतुर्थांश सामने झालेले असतील तर तक्ता अंतिम धरावा, त्याआधी थांबल्यास स्पर्धा रद्द समजून बक्षीस पुढच्या वेळेसाठी ठेवावे. पुढे ढकललेला सामना स्पर्धा संपण्यापूर्वी खेळवला गेला तर मूळ अंदाज कायम राहावेत. नाही खेळवला तर तो कोणासाठीच मोजू नये.

निर्णय कोणी द्यायचा, हे नियमांच्या कागदावर शेवटी यावे. संयोजक स्वतः अंदाज देत असेल तर त्याचे अंदाज प्रत्येक वेळी सर्वांच्या आधी दुसऱ्या कोणाकडे पाठवलेले असावेत. तो स्वतः बरोबरीत सापडला तर गुण मोजण्याचे आणि निकष लावण्याचे काम स्पर्धेत नसलेल्या व्यक्तीने करावे. प्रत्येक फेरीनंतर तक्ता प्रसिद्ध करून हरकतींसाठी दोन दिवस द्यावेत. त्यानंतर त्या फेरीचे गुण बदलू नयेत. नियमात उणीव आढळली तर ती नोंदवून ठेवावी आणि दुरुस्ती पुढच्या स्पर्धेपासून लागू करावी. अंतिम सामन्यानंतर निकष कोणत्या क्रमाने लावले आणि प्रत्येक पायरीवर कोणाचा आकडा किती आला, ते तक्त्याखाली लिहून सर्वांना पाठवावे, बक्षीस देण्यापूर्वी.